माल्डी स्पेक्ट्रममधून पॉलिमरची रचना कशी काढायची: नमुन्यापासून निष्कर्षापर्यंत

पॉलिमरच्या बाटलीत एकच एक रेणू नसतो. कमीजास्त लांबीच्या साखळ्यांचा तो समुदाय असतो, आणि सगळ्यांची टोके सारखीच असतील याचीही खात्री नसते. एनएमआर (अणुकेंद्रकांच्या चुंबकीय संकेतांवरून रचना पाहणारे तंत्र) या समुदायाची सरासरी दाखवतो. जीपीसी (आकारानुसार साखळ्या वेगळ्या करणारी क्रोमॅटोग्राफी) साखळ्यांचा द्रावणातला आकार मोजतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. प्रत्येक साखळीचे वजन वेगवेगळे करून पाहायचे असेल, शंभरात दोनच साखळ्यांचे टोक बदलले आहे का हे शोधायचे असेल, किंवा काही साखळ्यांची टोके जुळून कडी, म्हणजे बंद वलय, तर झाली नाही ना हे तपासायचे असेल, तर मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे, म्हणजे आयनांचे वस्तुमान मोजण्याकडे वळावे लागते. माल्डी हा तिचाच एक प्रकार: नमुना मॅट्रिक्स नावाच्या सहायक पदार्थात मिसळून लेझरने उडवायचा आणि त्याच्या आयनांचे वस्तुमान मोजायचे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून घ्यावी. स्पेक्ट्रम वस्तुमान देतो, रचना देत नाही. रचना आपण सुचवतो, मग प्रयोगात मुद्दाम काहीतरी बदलून ती टिकते का ते पाहतो. हे दुसरे पाऊल गाळून काढलेल्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवत नाही, मग शिखरे कितीही देखणी असोत. म्हणून या लेखात नमुना लावण्याइतकीच जागा पडताळणीला दिली आहे.

माल्डीचे पॉलिमरशी नाते जन्मापासूनचे आहे. १९८८ साली जपानमध्ये कोइची तानाका आणि सहकाऱ्यांनी ग्लिसरॉलमध्ये कोबाल्टची अतिसूक्ष्म पूड मिसळून लेझरने मोठे रेणू अखंड उडवून दाखवले, त्यात प्रथिनांच्या बरोबरीने २०,००० वजनाचा पॉलिइथिलीन ग्लायकॉलही होता. त्याच काळात जर्मनीत कारास आणि हिलेनकाम्प यांनी सेंद्रिय स्फटिकांचे मॅट्रिक्स वापरण्याची पद्धत विकसित केली. आज आपण माल्डी म्हणतो ती हीच. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये तानाकांसोबत इलेक्ट्रोस्प्रेवाले (द्रावणाचा विद्युतभारित फवारा करून आयन बनवण्याची पद्धत) जॉन फेन होते, आणि फेन यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांतही पॉलिइथिलीन ग्लायकॉल होताच.

पुढे सगळीकडे मी एकच उदाहरण धरले आहे: बेंझिल अल्कोहोलने सुरू केलेले आणि टिन ऑक्टोएट उत्प्रेरक वापरून लॅक्टाइडपासून बनवलेले पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए, साधारण २,३०० वजनाच्या आसपासचे. साखळी छोटी असल्याने आकडे हाताने तपासता येतात, आणि या पॉलिमरमध्ये जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र भेटतात.

आधी शक्यतांची यादी

यंत्राकडे जाण्यापूर्वी वहीत लिहून काढा की अभिक्रियेतून काय काय तयार होऊ शकते. आपल्या पीएलएत चार शक्यता आहेत. बेंझिल अल्कोहोलने सुरू झालेली साखळी, ही आपल्याला हवी असलेली. भांड्यात राहिलेल्या पाण्याने सुरू झालेली साखळी, जिच्या एका टोकाला कार्बोक्झिलिक ॲसिड असते. स्वतःच्याच पाठीत टोक खुपसून बंद झालेली कडी. आणि ट्रान्सएस्टरिफिकेशनने, म्हणजे एस्टर बंधांच्या अदलाबदलीने, कापून पुन्हा जोडल्या गेलेल्या साखळ्या.

प्रत्येकीचे वस्तुमान आधीच काढून ठेवा, तेही मोनोआयसोटोपिक, म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याचा सर्वांत विपुल समस्थानिक धरून. सूत्र साधे आहे: एकक (साखळीत पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) गुणिले संख्या, अधिक दोन्ही टोकांची बेरीज, अधिक चिकटलेला धन आयन. लॅक्टिक एककाचे वस्तुमान ७२.०२११, बेंझिल अल्कोहोलचे १०८.०५७५, पाण्याचे १८.०१०६ आणि सोडियम आयनाचे २२.९८९२. ३० एककांची बेंझिल साखळी सोडियमसह २२९१.६८ ला दिसायला हवी. पाण्याने सुरू झालेली ३२ एककांची साखळी २३४५.६८ ला, आणि ३० एककांची कडी २१८३.६२ ला. स्पेक्ट्रम आल्यानंतर यादी केली की डोळे नकळत हव्या त्या शिखरालाच नाव देतात. म्हणून हे काम आधी.

नमुना किती शुद्ध हवा

उरलेला मोनोमर, उत्प्रेरक, स्थिरीकारक, प्लॅस्टिसायझर हे सगळे पॉलिमरपेक्षा सहज आयनित होतात आणि सिग्नल खाऊन टाकतात. पीएलए डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून थंड मिथेनॉलमध्ये अवक्षेपित करायचा आणि व्हॅक्यूममध्ये पूर्ण सुकवायचा, एवढे सहसा पुरते. पण अवक्षेपणात छोट्या साखळ्या आणि कड्या मिथेनॉलमध्येच राहून जातात. कड्या शोधायच्या असतील तर अवक्षेपणाआधीचा कच्चा नमुनाही वेगळा लावा, नाहीतर जे शोधायचे तेच धुऊन टाकले असे होईल.

क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन, टेट्राहायड्रोफ्युरान यांसाठी प्लॅस्टिकची टिप आणि प्लॅस्टिकची कुपी टाळा; त्यांतून निघालेले पदार्थ थेट स्पेक्ट्रममध्ये येतात. काचेची कुपी आणि काचेची सिरिंज वापरा. काच डिटर्जंटने धुतली असेल तर ४४.०३ च्या अंतराची एक अनाहूत मालिका दिसू शकते. ती डिटर्जंटमधल्या इथिलीन ऑक्साइड साखळ्यांची असते, आपल्या पॉलिमरची नव्हे.

मॅट्रिक्स, क्षार आणि विद्रावक

मॅट्रिक्सची कामे दोन: लेझरची ऊर्जा शोषून घेणे आणि साखळ्यांना एकमेकींपासून दूर ठेवणे. म्हणून ते पॉलिमरमध्ये चांगले मिसळले पाहिजे. ध्रुवीय पॉलिमरला ध्रुवीय मॅट्रिक्स, तेलकट पॉलिमरला तेलकट, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा चालतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉलला डायहायड्रॉक्सीबेंझोइक ॲसिड, म्हणजे डीएचबी, बरे. पॉलिस्टायरीनला डिथ्रॅनॉल. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटला (पीएमएमए) इंडोल ॲक्रिलिक ॲसिड किंवा डिथ्रॅनॉल. आणि काय घ्यावे ते सुचत नसेल तर डीसीटीबी. सिंथेटिक पॉलिमरसाठी मी सुरुवात नेहमी डीसीटीबीने करतो. ते कमी लेझर ऊर्जेत काम करते, त्यामुळे नाजूक टोके शाबूत राहण्याची शक्यता वाढते.

बहुतेक सिंथेटिक पॉलिमर प्रोटॉन धरून ठेवत नाहीत, त्यांना धातूचा आयन द्यावा लागतो. ऑक्सिजन असलेल्या साखळ्यांना सोडियम किंवा पोटॅशियम पुरतो. पॉलिस्टायरीन आणि पॉलिब्युटाडाइन यांच्यात ऑक्सिजन नाही, पण दुहेरी बंध किंवा ॲरोमॅटिक कडी आहे. तिथे चांदीचा आयन चिकटतो. क्षार सहसा ट्रायफ्लुरोॲसिटेट घेतात, कारण ते सेंद्रिय विद्रावकात विरघळतात. चांदीचा क्षार प्रकाशापासून दूर ठेवा आणि ताजा बनवा.

क्षार मुद्दाम घातला नाही तरी सोडियमची शिखरे बहुतेक वेळा दिसतात, कारण सोडियम काचेतून, विद्रावकातून, हवेतल्या धुळीतूनही येतो. याचा अर्थ क्षार घालायची गरज नाही असा नव्हे. न घातल्यास सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही मनमानी प्रमाणात चिकटतात आणि एका साखळीची दोन शिखरे होतात. पुरेसा सोडियम मुद्दाम द्या, म्हणजे पोटॅशियमची मालिका जवळजवळ नाहीशी होते.

पीएलएसाठी प्रमाण असे घेता येईल: टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये डीसीटीबी २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, पीएलए ५ मिलिग्रॅम, सोडियम ट्रायफ्लुरोॲसिटेट १ मिलिग्रॅम. ही द्रावणे १० : २ : १ अशा आकारमानात मिसळायची. मोलच्या भाषेत हे एका साखळीमागे मॅट्रिक्सचे सुमारे १८० रेणू आणि सोडियमचे एक ते दोन आयन होतात. साखळी लांब असेल तर मॅट्रिक्स वाढवत हजाराच्या पुढे न्यावे लागते. क्षार मात्र वाढवत बसू नये. जास्त झाला की क्षाराचेच गुच्छ दिसू लागतात आणि पॉलिमरचा सिग्नल पडतो.

विद्रावकांबाबत एक चूक फार सामान्य आहे. पॉलिमर टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये आणि मॅट्रिक्स पाणी-मिथेनॉलमध्ये घेतले, तर प्लेटवर टेट्राहायड्रोफ्युरान आधी उडते, उरलेल्या पाण्यात पॉलिमर गोळा होऊन बाहेर पडतो आणि मॅट्रिक्सचे स्फटिक वेगळे वाढतात. मग लेझरला पॉलिमर सापडतच नाही. तिन्ही द्रावणांना शक्यतो एकच विद्रावक घ्या. ते जमत नसेल तर शेवटी उडणारा विद्रावक पॉलिमरला विरघळवणारा हवा.

प्लेटवर थेंब

अर्धा ते एक मायक्रोलिटर पुरतो. टेट्राहायड्रोफ्युरान गुळगुळीत स्टीलवर झपाट्याने पसरते, त्यामुळे थेंब छोटाच ठेवा, नाहीतर शेजारच्या जागेत मिसळेल. सुकल्यावर थर भिंगाखाली पाहा. बारीक, एकसारखे स्फटिक हवेत. कडेला जाड कडे आणि मध्ये मोकळी जागा दिसली तर पुन्हा लावा किंवा थर पद्धत वापरा: आधी क्षार, तो सुकल्यावर मॅट्रिक्स, त्यावर पॉलिमर. एकाच नमुन्याचे किमान तीन थेंब लावावेत, आणि शेजारी फक्त मॅट्रिक्स व क्षार असलेला एक कोरा थेंब. पुढे एखादे शिखर समजेनासे झाले की पहिला प्रश्न हाच असतो: ते कोऱ्या थेंबात आहे का?

पॉलिमर कशातच विरघळत नसेल तर तिन्ही पदार्थ कोरडेच एकत्र बारीक दळून ती पूड प्लेटवर पातळ लावता येते.

लेझर आणि यंत्राची मांडणी

वस्तुमान काही हजारांत असेल तर रिफ्लेक्टर मोड (आयनांना परतवून लांबची वाट चालायला लावणारी मांडणी) घ्या, म्हणजे समस्थानिकांची शिखरे वेगळी दिसतात. रचना काढण्यासाठी हे अत्यावश्यक आहे. मोठ्या साखळ्यांसाठी लिनियर (सरळ वाटेचा) मोड लागतो, पण तिथे एकक आणि सरासरी वजन कळते. टोकाबद्दल खात्रीने बोलणे अवघड होते.

लेझरची ऊर्जा शून्याजवळून वाढवत न्या. शिखरे जिथे पहिल्यांदा दिसतात ती उंबरठ्याची पातळी वहीत लिहा, आणि मोजमाप तिच्या थोडेच वर करा. उंबरठा नमुन्यागणिक आणि मॅट्रिक्सगणिक वेगळा असतो, त्यामुळे कालची सेटिंग आज तशीच वापरू नका. ऊर्जा जास्त झाली की शिखरे रुंदावतात, हलकी टोके तुटतात, आणि छोट्या साखळ्यांचा सिग्नल डिटेक्टरला बधिर करून मोठ्या साखळ्या दाबून टाकतो. सुमारे ५०० ते ६०० च्या खालचा भाग मॅट्रिक्सच्या गुच्छांनी भरलेला असतो. तो आयन डिटेक्टरपर्यंत पोचण्याआधीच वळवून टाकण्याची सोय यंत्रात असेल तर वापरा.

एकाच चांगल्या जागेवर लेझर मारत बसू नका. थेंबभर फिरवून बऱ्याच जागांचे स्पेक्ट्रम एकत्र करा. गोड जागा शोधून मिळवलेला स्पेक्ट्रम त्या जागेचा असतो, नमुन्याचा नसतो.

कॅलिब्रेशन

पुढचा सगळा अर्थ दशांशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अंकावर उभा आहे, म्हणून इथे घाई नको. पॉलिइथिलीन ग्लायकॉल या कामाला उत्तम: सोडियमसह ४० एककांची साखळी १८०२.०५, ५० ची २२४२.३१, ५६ ची २५०६.४७ ला येते. आपल्या शिखरांच्या दोन्ही बाजूंना कॅलिब्रेशनचे बिंदू हवेत. पट्ट्याबाहेर ताणलेले कॅलिब्रेशन भरवशाचे नसते. कॅलिब्रेशनचा थेंब नमुन्याच्या अगदी शेजारी लावा. प्लेटच्या उंचीत किंचित फरक असला तरी आयनांचा उड्डाणवेळ बदलतो आणि वस्तुमान सरकते.

कॅलिब्रंट नमुन्यातच मिसळला तर अचूकता वाढते, पण तो पॉलिमरचे आयन दाबू शकतो. म्हणून अचूक वस्तुमानासाठी एक मिसळलेला थेंब आणि वितरण पाहण्यासाठी एक शुद्ध थेंब, असे वेगळे ठेवा.

शिखरे वाचताना

आता मुख्य काम. पहिली नजर अंतरावर. आपल्या पीएलएत मोठी शिखरे १४४.०४ अंतराने आहेत आणि त्यांच्या मधोमध छोटी शिखरे आहेत, म्हणजे मोठ्या आणि छोट्या शिखरात ७२.०२ चे अंतर. लॅक्टाइडमध्ये दोन लॅक्टिक एकके असतात, म्हणून निव्वळ वाढीत साखळीत सम संख्येनेच एकके येतात. विषम संख्येची शिखरे दिसली याचा अर्थ साखळ्या कुठेतरी कापल्या जाऊन पुन्हा जोडल्या गेल्या, म्हणजे ट्रान्सएस्टरिफिकेशन. अभिक्रिया चालू असताना थोड्या थोड्या वेळाने नमुने घेतले तर ही मधली शिखरे कशी वाढत जातात ते स्पष्ट दिसते. जीपीसीत हे इतक्या लवकर आणि इतके थेट कळत नाही.

दुसरी पायरी, प्रत्येक गुच्छातले मोनोआयसोटोपिक शिखर ओळखणे. इथे अनेकजण सर्वांत उंच शिखर घेतात आणि सगळा हिशोब एका डाल्टनने, म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूएवढ्या वस्तुमानाने, चुकतो. ३० एककांच्या बेंझिल साखळीत ९७ कार्बन अणू आहेत. कार्बन-१३ चे प्रमाण सुमारे १.१ टक्का, त्यामुळे ज्या साखळ्यांत एक कार्बन-१३ आहे त्यांची संख्या अजिबात नसलेल्यांपेक्षा किंचित जास्त होते. म्हणून २२९१.६८ पेक्षा २२९२.६८ चे शिखर थोडे उंच असते. साखळी आणखी वाढली की पहिले शिखर इतके खाली जाते की ते दिसेनासे होते. तेव्हा सूत्रावरून समस्थानिकांचा पूर्ण आराखडा काढून तो प्रत्यक्ष गुच्छावर ठेवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

तिसरी पायरी, टोकांची बेरीज. २२९१.६८१ मधून सोडियम वजा केला की २२६८.६९१ उरतात. यातून ३१ एकके काढली तर ३६.०४ उरतात, ३० काढली तर १०८.०५८, २९ काढली तर १८०.०८. गणित तिन्ही उत्तरांना सारखेच मानते; निवड रसायनाने करायची. ३६.०४ ला पटण्यासारखी टोकांची जोडी नाही. १०८.०५८ म्हणजे बेंझिल अल्कोहोल, जे आपण स्वतःच घातले होते. पण क्रेसॉलचे वस्तुमानही अगदी हेच आहे, हे विसरू नका. वस्तुमान समघटक ओळखत नाही. ते एनएमआरला विचारावे लागते.

काही ठिकाणी शिकवतात की सर्व शिखरांची एकक-संख्येविरुद्ध सरळ रेषा काढा, उतार म्हणजे एकक आणि छेद म्हणजे टोके व आयन. अनोळखी पॉलिमरचे एकक शोधायला हे ठीक आहे. पण टोकासाठी रेषा शून्यापर्यंत मागे ताणली जाते, आणि उतारात ०.०००५ ची चूक असली तरी ३० एककांमागे ती ०.०१५ होते. एकक माहीत असेल तर त्याचे सैद्धांतिक मूल्य पक्के धरा, प्रत्येक शिखरातून बाकी काढा आणि त्या बाक्यांची सरासरी घ्या. बाकी वस्तुमानाबरोबर सतत वाढत किंवा घटत असेल तर कॅलिब्रेशन बिघडले आहे.

आता खरा कस लागतो तो छोट्या मालिकांत. समजा २२९१.६८ च्या डावीकडे २२७३.६५ ला एक छोटे शिखर आहे. फरक सुमारे १८. मनात पहिले उत्तर येते: पाणी निघून गेले. पण नीट मोजला तर फरक १८.०२६ आहे, आणि पाणी १८.०११. हे शिखर पाण्याने सुरू झालेल्या ३१ एककांच्या साखळीचे आहे. दोन शक्यतांमधला ०.०१५ चा फरक या वस्तुमानाला साधारण ६.६ पीपीएम (दशलक्षात भाग) होतो. कॅलिब्रेशन ढिले असेल तर तो हातून निसटतो.

सुदैवाने इथे उंचीही साक्ष देते. बेंझिलच्या सम साखळ्या उंच आणि विषम साखळ्या ठेंगण्या आहेत. पाणी निघून जाऊन ही मालिका झाली असती तर उंच शिखरांच्या डावीकडची शिखरे उंच असती आणि ठेंगण्यांच्या डावीकडची ठेंगणी. प्रत्यक्षात उलटे दिसते: ३१ एककांच्या ठेंगण्या बेंझिल शिखराच्या, म्हणजे २३६३.७० च्या डावीकडे २३४५.६८ ला असलेले शिखर चांगले ठसठशीत, आणि २२९१.६८ या उंच शिखराच्या डावीकडचे २२७३.६५ मात्र छोटे. कारण पाण्याने सुरू झालेल्या साखळ्याही लॅक्टाइडनेच वाढतात, त्यांच्यातही सम संख्या भरते, आणि ३२ ही सम संख्या २३४५.६८ ला येते. दशांश डळमळीत असतानाही हा सम-विषमाचा पट गोंधळ सोडवतो.

आणखी एक सापळा. पाण्याच्या ३१ एककांच्या साखळीला सोडियमऐवजी पोटॅशियम चिकटला तर ती २२८९.६३ ला येते. तिच्या समस्थानिकांतले तिसरे शिखर २२९१.६४ ला पडते, आपल्या मुख्य २२९१.६८ च्या अंगावर. ही दोन वेगळी दिसायला सुमारे ५०,००० विभेदनक्षमता (वस्तुमान भागिले ओळखता येणारा फरक) हवी. एवढे यंत्र हाताशी नसेल तर पोटॅशियम घालवणे हाच उपाय, आणि तो क्षाराच्या टप्प्यावरच होतो.

मुद्दाम बदलून पाहा

नावे दिली, आता त्यांची परीक्षा.

पहिली परीक्षा आयन बदलण्याची. त्याच नमुन्यात सोडियमऐवजी पोटॅशियम ट्रायफ्लुरोॲसिटेट घाला. सोडियमयुक्त प्रत्येक साखळी १५.९७४ ने उजवीकडे सरकली पाहिजे. जे शिखर हलत नाही ते त्या नावाचे नव्हते. हा फरक ऑक्सिजनच्या १५.९९५ ला फसवेपणाने जवळ आहे, म्हणूनच पोटॅशियमच्या शिखराला ऑक्सिडीकरण समजण्याची चूक वारंवार होते. क्षार बदलला की तो घोळ जागीच मिटतो.

याच परीक्षेत ॲसिडचे टोकही उघडे पडते. कार्बोक्झिलिक ॲसिडचा हायड्रोजन जाऊन तिथे सोडियम बसतो आणि वर आणखी एक सोडियम चिकटतो, त्यामुळे मूळ शिखरापासून २१.९८२ वर, म्हणजे २२९५.६४ ला जोडीदार शिखर येते. पोटॅशियम घातल्यावर हे जोडीदार शिखर १५.९७ ने नव्हे, ३१.९५ ने सरकते, कारण त्यात दोन आयन आहेत. बेंझिल साखळ्यांना आणि कड्यांना असे जोडीदार नसतात. पाण्याने सुरू झालेल्या साखळीसाठी याहून स्वस्त पुरावा नाही.

दुसरी परीक्षा लेझरची. ऊर्जा उंबरठ्यापासून टप्प्याटप्प्याने वाढवा आणि मालिकांमधील उंचीचे गुणोत्तर पाहा. गुणोत्तर स्थिर राहिले तर ती मालिका नमुन्यातच असण्याची शक्यता मोठी. ऊर्जेबरोबर वाढत गेले तर लेझर ती तयार करतो आहे. एटीआरपी या नियंत्रित बहुलकीकरण पद्धतीने केलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये ही परीक्षा वगळणे म्हणजे स्वतःची दिशाभूल: टोकाचा ब्रोमीन हायड्रोजन ब्रोमाइडच्या रूपाने निघून जातो, चांदीच्या उपस्थितीत तर सहज, आणि मग वाटते की पॉलिमरचे टोक आधीच मेलेले होते. राफ्ट या तशाच दुसऱ्या पद्धतीच्या गंधकयुक्त टोकांचेही असेच. अशा वेळी एनएमआर किंवा मूलद्रव्य विश्लेषणाचा आधार घेतल्याशिवाय टोक नाही असे लिहू नये.

तिसरी परीक्षा रासायनिक. ॲसिडचे मिथिल एस्टर केले की ती मालिका १४.०१६ ने सरकते. हायड्रॉक्सिल टोकाचे ॲसिटिलेशन केले की प्रत्येक टोकामागे ४२.०११. कडीला टोकच नाही, ती जागची हलत नाही. कडी आहे की साखळीतून पाणी निघाले आहे, हा प्रश्न निव्वळ वस्तुमानाने सुटत नाही, कारण दोन्हींचे सूत्र एकच. अशा ठिकाणी रासायनिक परीक्षा निर्णायक ठरते.

चौथी, एमएस-एमएस. एकच शिखर निवडून तोडायचे. तुकड्यांच्या दोन मालिका येतात, एकात डावे टोक आणि दुसऱ्यात उजवे. त्यामुळे टोकांची बेरीज कळत होती ती आता वेगवेगळी कळते. इथे आयनाची निवड महत्त्वाची. सिझियम किंवा पोटॅशियम साखळीला ढिला धरतात, धक्का बसला की आयनच सुटून जातो आणि तुकडे मिळत नाहीत. लिथियम आणि सोडियम घट्ट धरतात, म्हणून तोडण्यासाठी ते बरे.

मालिका खूप असतील तर केंड्रिक

चार मालिका हाताने सुटतात, पंधरा सुटत नाहीत. एडवर्ड केंड्रिक यांनी १९६३ मध्ये हायड्रोकार्बनसाठी एक युक्ती सुचवली: कार्बन-१२ ऐवजी मिथिलीन गटाला नेमके १४ मानायचे. पॉलिमरमध्ये हेच एककासाठी करतात. पीएलएचे प्रत्येक वस्तुमान ७२ भागिले ७२.०२११ ने गुणा. मग २२९१.६८ चे २२९१.००८ होते आणि ३२ एककांच्या बेंझिल शिखराचे, म्हणजे २४३५.७२ चे, २४३५.००८. दशांश भाग सारखाच. पाण्याच्या मालिकेचा दशांश .९८८ येतो, कडीचा .९८२. दशांश उभ्या अक्षावर आणि वस्तुमान आडव्या अक्षावर मांडले की एकाच टोकांच्या सगळ्या साखळ्या एका आडव्या ओळीत बसतात. स्प्रेडशीटमध्ये काही मिनिटांचे काम, पण गुंतागुंतीच्या नमुन्यात दुर्लक्षित राहिलेली ओळ लगेच डोळ्यांत भरते.

कोपॉलिमरमध्ये तर याशिवाय गती नाही. इथिलीन ऑक्साइड आणि प्रोपिलीन ऑक्साइडच्या कोपॉलिमरचेच पाहा: चार इथिलीन ऑक्साइड १७६.१०५, तीन प्रोपिलीन ऑक्साइड १७४.१२६. फरक १.९७९, आणि दोन कार्बन-१३ चा फरक २.००७. एका रचनेची समस्थानिके दुसरीच्या शिखरावर चढतात. इथे उच्च विभेदनक्षमतेचे यंत्र किंवा आधी क्रोमॅटोग्राफीने विलगीकरण, यांपैकी एक तरी लागतेच.

सरासरी वजनावर किती भरवसा ठेवावा

शिखरांच्या क्षेत्रफळावरून सरासरी वजन काढता येते, आयनाचे वजन वजा करून. वितरण अरुंद असेल तर आकडा चांगला येतो. डिस्पर्सिटी (साखळ्यांच्या वजनातला पसारा दाखवणारे गुणोत्तर) सुमारे १.२ च्या वर गेली की मोठ्या साखळ्या कमी दिसतात आणि सरासरी खाली येते. अशा नमुन्याचे जीपीसीने अरुंद तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा माल्डीवर मोजावा आणि त्यावरून जीपीसीचे कॅलिब्रेशन करावे. ही वाट लांबची असली तरी दोन्ही तंत्रांचे बळ तीत एकत्र येते.

वेगवेगळ्या टोकांच्या मालिकांची उंची म्हणजे त्यांचे प्रमाण, असेही मानू नये. सोडियम सहज धरणारे टोक जास्त उंच दिसते. 'ही मालिका आहे' असे खात्रीने लिहिता येते. 'इतके टक्के आहे' असे लिहायला ज्ञात मिश्रणांवर पडताळा हवा.

इतर पॉलिमरसाठी थोडक्यात

पॉलिस्टायरीनमध्ये चांदीचे दोन समस्थानिक, १०७ आणि १०९, जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात; गुच्छ रुंद दिसतो, पण तो ओळखीची खूणही ठरतो. ब्युटिल लिथियमने सुरू केलेली, हायड्रोजनने बंद झालेली २० एककांची साखळी चांदी-१०७ सह २२४६.२३ ला येते. पीईटी आणि नायलॉन हेक्झाफ्लुरोआयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळतात. हा द्रव त्वचेला आणि डोळ्यांना घातक आहे, काम फ्यूम हूडमध्येच आणि हातमोजे घालूनच करा. पीईटीत ३ एककांची कडी नेहमीची पाहुणी, सोडियमसह ५९९.१२ ला. पॉलिइथिलीनला आयन चिकटायला जागाच नाही, त्यामुळे साध्या माल्डीत ते दिसत नाही. पायरोलिसिस जीसी-एमएसकडे (पॉलिमर तापवून तोडायचा आणि तुकडे वेगळे करून मोजायचे) वळावे.

इलेक्ट्रोस्प्रे सौम्य असतो, त्यामुळे माल्डीत तुटणाऱ्या टोकांसाठी तो उपयोगी. पण एका साखळीवर दोन-तीन आयन बसतात आणि मालिका एकमेकींत घुसतात. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची शिखरे ४४ ऐवजी २२.०१ अंतराने दिसली आणि समस्थानिक अर्ध्या डाल्टनवर असतील तर भार दोन आहे.

अहवालात काय लिहावे

मॅट्रिक्स, क्षार आणि विद्रावकांची नावे, त्यांची प्रमाणे, थर कसा लावला, लेझरची तरंगलांबी आणि उंबरठ्याच्या तुलनेत ऊर्जा, रिफ्लेक्टर की लिनियर, कॅलिब्रेशन कशाने आणि कोणत्या पट्ट्यात. प्रत्येक नाव दिलेल्या मालिकेसाठी सूत्र, सैद्धांतिक आणि मोजलेले वस्तुमान, फरक पीपीएममध्ये, आणि त्या नावाला कोणत्या परीक्षेने दुजोरा दिला ते. ज्या शिखरांना नाव देता आले नाही त्यांची वस्तुमानेही लिहा. पुढच्या माणसाला त्यांचा उपयोग होतो.